नान्नजच्या माळावर बसायला जागा मिळवून देणारा गाईड : नवीन वाइल्डलाइफ फोटोग्राफर लोकांसाठी रिव्ह्यू

सोलापुरात ज्यांनी नुकताच कॅमेरा आणि मोठी लेन्स घेतलीय आणि आता जायचं कुठं हेच कळत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. नान्नज भागात एक स्थानिक गाईड आहे, मूळचा शेतकरीच, कोरडवाहू शेती, दोन शेळ्या, घरची बैलजोडी. तो माळावर फोटो काढायला जागा मिळवून देतो. म्हणजे ज्याचं रान त्याला आदल्या दिवशी विचारतो, त्याचे पैसे त्याला देतो, बसायची जागा ठरवतो आणि मग आपल्याला फोन करतो. नाव-नंबर इथं टाकत नाही, त्यानंच नको म्हणून सांगितलंय, एकदम गर्दी झाली की गावात त्याला बोलणं खावं लागतं. नान्नज स्टँडला चहा घेत विचारलंत तर कुणीही घर दाखवेल, नंबर तिथनंच घ्या.

आधी शिकारीचं बोलून घेतो, कारण दर थंडीत ओळखीतलं कोणतरी विचारतंच, "भाऊ, आपल्याकडं शिकारीला कुठं जाता येतं का?" परदेशात राहून आलेले लोक सांगतात तिकडं कसं लायसन काढायचं, ठरलेल्या सीझनमध्ये जायचं, सरकारी जमीन कुठली ते नकाशावर बघायचं, खासगी असली तर मालकाच्या दारात जाऊन रीतसर विचारायचं. ते ऐकून इथल्या पोरांना वाटतं आपल्याकडं पण असं काहीतरी असेल. नाहीये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि हौसेच्या शिकारीला त्यात जागाच नाही, काळवीट, लांडगा, माळढोक पक्षी हे सगळे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्यांना हात लावला तर कमीत कमी तीन वर्षं आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा, वर दंड २५ हजारांपासून पुढं. एअरगन घेऊन तितर-लाव्हरी मारायला जाणारे म्हणतात एवढ्याशा पाखराला कोण विचारतंय, तर तोही गुन्हाच आहे, आणि माझ्या मते तर माळाचं सगळ्यात जास्त नुकसान याच लोकांनी केलंय कारण ते गुपचूप जातात आणि दर रविवारी जातात.

पण तिकडच्या नवीन शिकाऱ्याची आणि आपल्याकडच्या नवीन फोटोग्राफरची अडचण एकच आहे. जमीन. बंदूक काय कॅमेरा काय, दुकानात पैसे टाकले की मिळतो. उभं कुठं राहायचं, ते रान कुणाचं, तिथं आपल्याला कोण उभं करून घेणार, हे कुठल्या दुकानात मिळत नाही.

सोलापूरच्या आजूबाजूला जमीन तीन प्रकारची. एक फॉरेस्टची, म्हणजे नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि त्याचे ठिकठिकाणी विखुरलेले तुकडे. दुसरी गायरान, गावची चराऊ जमीन. आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त आहे, ती खासगी, मुरमाड पडीक माळ, कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभरा, तूर, मध्येच द्राक्षाची बाग. नुसत्या डोळ्यानं बघून या तिन्हीतला फरक कळत नाही हो. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी, वडाळा, सगळीकडं सारखंच पिवळं गवत, सारखेच बोरी-बाभळी, आणि काळवीट तर कुठल्याच हद्दीला मानत नाही, सकाळी फॉरेस्टच्या गवतात आणि नऊ वाजता कुणाच्या तरी हरभऱ्यात.

त्यामुळं मी नवीन माणसाला पहिलं काम मोबाईलवर करायला सांगतो. सरकारच्या महाभूनकाशाच्या साईटवर जायचं, जिल्हा सोलापूर, तालुका उत्तर सोलापूर, मग गाव निवडायचं, गावाचा नकाशा गट नंबरसकट उघडतो. जो माळ आवडलाय त्याचा गट नंबर बघायचा आणि महाभूलेखवर तो सातबारा काढायचा. सातच्या भागात मालक कोण ते येतं, बाराच्या भागात पीक काय आणि पड किती ते येतं. सरकारी असेल तर तसं लिहिलेलं असतं. एवढं केलं की निदान आपण कुणाच्या दारात जायचं ते कळतं. सातबारा म्हणजे परवानगी नव्हे हे पण लक्षात ठेवा, नुसतं नाव कळलं म्हणून बांध ओलांडून आत शिरायचं नाही.

आणि आपल्याकडं कुंपण नसतं म्हणून लोकांना वाटतं कुठंही फिरलं तरी चालतं. चालत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा, विहिरीवरची मोटार चोरीला जाते, केबल कापून तांबं काढून नेतात, हुरड्याच्या दिवसात कणसं मोडून नेतात, आणि पहाटे साडेपाचला पाठीवर मोठ्ठी बॅग, अंगात मिलिटरी प्रिंटचं जॅकेट घातलेली तीन अनोळखी पोरं बांधावरनं वाकून चाललीत. तो काठी घेऊन येणारच. यायलाच पाहिजे. या गाईडनं मला पहिल्याच फोनवर सांगितलं, "ते मिलिटरीचं कापड घालून येऊ नका, मातीच्या रंगाचा साधा शर्ट घाला." इतका कामाचा सल्ला मला कॅमेरा विकणाऱ्या कुठल्याच दुकानानं दिलेला नाही.

या गाईडच्या आधी मी शहरातल्या एका टूरवाल्याकडनं गेलो होतो, त्याचं नाव घेत नाही. जीप, सहा जण, पहाटे पिकअप, नाष्टा, "काळवीट गॅरंटी". गॅरंटी पूर्ण झाली, पण कशी ते सांगतो. कळप दिसला की ड्रायव्हर गाडी पडीक रानात घालायचा आणि कळपाच्या बाजूनं जोरात पळवायचा, म्हणजे काळवीट उड्या मारत पळतं आणि लोकांना उडीचा फोटो मिळतो. दोन माद्या नांगरटीत पडल्या. त्यातली एक गाभण होती, पोट स्पष्ट दिसत होतं. गाडीतले लोक अजून एक राऊंड मारा म्हणत होते. मी तिथंच खाली उतरलो आणि रोडपर्यंत चालत आलो. घरी येऊन कायदा काढून वाचला, आणि प्रत्येक फोटोग्राफरनं वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण शिकार या शब्दाची जी व्याख्या त्यात दिलीय ती नुसती मारण्यापुरती नाहीये. सापळा लावणं, हाकारून पळवणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकार. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी हलवणं-छेडणं, तेही शिकारच. म्हणजे जीपनं कळप पळवून काढलेला तो उडीचा फोटो कायद्याच्या नजरेत बंदुकीच्या बाजूलाच जाऊन बसतो.

आता खऱ्या रिव्ह्यूकडं येतो.

बुकिंग फोनवरच. संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा तो रानात असतो. पहिला प्रश्न तो विचारतो, "काय बघायचंय?" आणि दुसरा, "किती वेळ बसू शकता?" मी म्हटलं काळवीट आणि जमलं तर खोकड, म्हणजे इंग्रजीत फॉक्स. तर म्हणाला, "काळवीट मिळेल. खोकडाला बसावं लागेल, मोबाईल बंद ठेवून." माळढोक दाखवतो असं एका शब्दानं बोलला नाही. मी मुद्दाम विचारलं तर सरळ सांगितलं की त्या आशेनं येऊ नका. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. कारण नान्नजचं नाव माळढोकामुळं, १९७९ साली अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच, सोलापूर आणि नगर दोन्ही जिल्ह्यांतनं मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात गावंच्या गावं आणि शेतं सगळी आली, पुढं ते कमी करून बाराशेच्या आसपास आणलं. पण एक मीटर उंचीचा, दहा-पंधरा किलोपर्यंत भरणारा तो पक्षी, मादी जमिनीवरच उघड्यावर अंडं घालणार, तेही बहुतेक वेळा एकच, त्याला कुत्री, गुरं, विजेच्या तारा, आणि गवत जाऊन आलेला ऊस, एवढ्या सगळ्यातनं वाचणं जमलं नाही. आमच्या आधीच्या पिढीनं तो इथं सहज बघितलाय. जो कोणी आज तुम्हाला पैसे घेऊन माळढोक दाखवतो म्हणेल त्याच्याकडं जाऊच नका.

पहाटे स्टँडला भेट, सोलापूरहून बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटर, टू-व्हीलरवर सुद्धा आरामात. तिथून त्याच्या मागं मागं गाडी, मग एका वस्तीवर गाडी लावायची. आणि पुढं बैलगाडी!

हे मला माहीत नव्हतं आणि माझ्या मते हीच त्याच्या सर्व्हिसची सगळ्यात भारी गोष्ट आहे. पायी माणूस दिसला की काळवीट दोन-तीनशे मीटरवरनंच मान वर करतं. ट्रॅक्टर, मोटारसायकल जात असेल तर बघत राहतं, पण थांबून कोणी उतरलं की पळतं. बैलगाडीला मात्र ते अजिबात घाबरत नाही, पिढ्यान्पिढ्या बघत आलंय. जुन्या काळातले शिकारी काळविटाजवळ जायला बैलगाडीच वापरायचे, हे त्याच्या आजोबांकडनं त्यानं ऐकलेलं. तीच युक्ती तो आता फोटोसाठी वापरतो. कळपाकडं सरळ जायचंच नाही. तिरकं जायचं, जणू आपण दुसऱ्याच शेताला चाललोय, बैलांना मध्येच थांबवायचं, पुन्हा थोडं पुढं. मान वर झाली की थांबायचं, मान खाली जाऊन चरायला लागली की हलायचं. बोलायचं नाही, बैलाला हाकायचं ते पण नुसतं जिभेनं टकटक करून.

गाडीच्या साटीवर पोतं टाकलेलं, पुढच्या दांडीवर लेन्स टेकवायला त्याच्या बायकोनं शिवलेली जाड कापडाची पिशवी, आत तुरीचं भुसकट भरलेलं. शहरात हीच बीन बॅग म्हणून विकत मिळते. लेन्स त्यात दाबली की हलत नाही, आणि भुसकट असल्यानं वजनाला काही नाही. एक काळा नर, पाठ जवळजवळ काळी कुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र, पिळाची शिंगं, मान मागं टाकून शिंगं पाठीला लावत माद्यांच्या पुढं पुढं मिरवत चाललेला. इतक्या जवळ की डोळ्याभोवतीचं पांढरं कडं न झूम करता दिसत होतं. मी तीन-चार फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत बसलो. गाईडनं मागं वळून बघितलं, काही बोलला नाही, बैल तसेच थांबवून ठेवले.

मग शेतमालकाकडं. त्या दिवशीचं रान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बांधावर बसलेले, शाल गुंडाळून. गाईड म्हणाला, "अण्णा, हे सोलापूरचे पाव्हणे, फोटोवाले." अण्णांनी माझ्याकडं बघितलं, लेन्सकडं बघितलं आणि विचारलं, "ह्येनी काय बंदुकीगत आवाज येतो का वो?" मी शटर दाबून दाखवलं. "मग बसा की. फकस्त ज्वारीत पाय टाकू नका, पोटऱ्यात आलीया." एवढीच अट. निघताना गाईडनं माझ्यासमोर त्यांच्या हातात पैसे ठेवले. अण्णा म्हणाले काळविटं हरभरा खातात, राखण करून जीव जातो, निदान तुमच्यासारखे लोक आले तर त्या जनावराचं चार पैसे तरी हातात पडतात. मला वाटतं माळ टिकवायचा असेल तर हा हिशोब कुणीतरी नीट बसवलाच पाहिजे. ज्याच्या रानात जनावर चरतं त्याला काहीच मिळत नाही आणि जीपवाल्याला सगळं मिळतं, असं किती दिवस चालणार? उद्या अण्णांच्या पोरानं त्या पडीक तुकड्यावर बोअर मारून द्राक्ष लावली तर त्याला चूक कोण म्हणेल. नान्नज म्हणजे ज्या गावातनं सोनाका द्राक्ष निघालं ते गाव, द्राक्षाचा पैसा काय असतो हे तिथं कुणाला शिकवायला नको.

खोकडाचं सांगायचं राहिलं. दुपारी तीनच्या पुढं गेलो, एका ओघळीच्या काठाला तीन तोंडांचं बीळ. गाईडनं बसवलं ते बरंच लांब, बोरीच्या आडोशाला, वाऱ्याची दिशा बघून. मी म्हटलं अजून थोडं जवळ जाऊ, तर ठाम नाही म्हणाला, बिळाच्या जवळ माणसाचा वास राहिला की कुत्री माग काढत येतात. गावाच्या शेवटाला जी मोकाट कुत्री आहेत ना, ती सध्या माळावरच्या पिल्लांची सगळ्यात मोठी वैरी आहेत. मग बसलो. कुसळं मोज्यातनं आत जाऊन पायाला टोचत होती, हलायची सोय नाही. ऊन कलल्यावर आधी दोन कान दिसले. मग नाक. मग ते बाहेर येऊन नुसतं बसलं, मांजरापेक्षा थोडंसंच मोठं, राखाडी अंग, शेपटीचं टोक काळं, आणि आमच्याकडं न बघता एक मोठी जांभई दिली. शेवटी एक नाकतोडा उडाला, त्याच्या मागं उडी मारून तो खाल्ला, आणि ओघळीनं निघून गेलं. मला फोटो मिळाले ते जांभईचे. उडीचा नाही मिळाला. नाकतोड्याच्या मागं उडी मारणाऱ्या खोकडाचा फोटो काढायचा असेल तर परत जावं लागणार, आणि मी जाणारच.

आमिषाचा विषय पण काढला मी, कारण काही ठिकाणी कोंबडीचे तुकडे टाकून कोल्हे-लांडगे बोलावतात असं ऐकलंय. गाईड एकदम चिडला. लांडग्याला मांसाची चटक वस्तीजवळ लावली की तो वाड्यावर येतो, धनगराची मेंढी जाते, आणि मग धनगर विष घालतो, त्यात लांडगा पण जातो, तरस पण जातो, धनगराचीच कुत्री पण जातात. फोटोवाला तोपर्यंत पुण्याला पोचलेला असतो. लांडग्याच्या पिल्लांच्या जागा त्याला माहीत आहेत पण तिकडं तो कुणालाच नेत नाही, कितीही पैसे दिले तरी. पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून बोलावणं, ते पण त्याच्याकडं बंद. तितर वाजवलेल्या आवाजाला भांडायला धावून येतो, फोटो सोपा होतो, पण विणीच्या दिवसात घरटं सोडून तो तिथं तसाच ओरडत राहतो.

कधी जायचं? माझं मत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात, मध्य आशियातनं इथपर्यंत, दिवसभर गवतावरनं खालून खालून तरंगत फिरतात, नाकतोडे खातात, आणि दिवस मावळायला लागला की गवतातच जमिनीवर झोपायला उतरतात. नवीन माणसाला उडत्या पक्ष्याची प्रॅक्टिस करायला यापेक्षा चांगली जागा नाही. धाविक, पखुर्डी, डोंबारी, चंडोल, सापमार गरुड, हे पक्षी पण माळावर. पावसाळा संपता संपता गवत हिरवं आणि काळवीट त्यात उभं, रंग फार सुंदर येतात. एप्रिल-मे मध्ये मात्र नका, सोलापूरचं ऊन आपल्याला माहितीये, सकाळी नऊलाच जमिनीवरनं वाफ निघायला लागते आणि कितीही महागाची लेन्स असली तरी लांबचा फोटो थरथरलेला येतो, लोक लेन्सला दोष देतात, दोष हवेचा असतो. पाणपक्षी पाहिजेत तर नान्नजला जाऊच नका, हिप्परगा तलाव शहराला लागूनच आहे, आणि रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर उजनीच्या पाणफुगवट्याला जावं लागतं, तो वेगळाच विषय आहे.

फॉरेस्टच्या हद्दीत जायचं असेल तर परवानगी घ्यावीच लागते, अभयारण्यात फोटोग्राफीसाठी परवानगी द्यायची सोय कायद्यातच आहे, त्यामुळं लपूनछपून जायचं कारणच नाही. गाईड स्वतः ऑफिसात घेऊन जातो, अर्ज लिहायला मदत करतो. आत गाडीरस्ता सोडायचा नाही, टेहळणीच्या मनोऱ्यावर बसायचं. तिथं शांतता खासगी रानापेक्षा जास्त, पण अंतर पण जास्त, चारशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स नसेल तर जनावर ठिपक्याएवढं येतं. नवीन माणसानं दोन्ही करावं, सकाळी बैलगाडी, संध्याकाळी मनोरा.

पैसे. मला अर्ध्या दिवसाचे बाराशे पडले, त्यातले तीनशे शेतमालकाला, ते गाईड आधीच सांगतो. बैलगाडी यातच. जीपच्या टूरपेक्षा स्वस्त, आणि एका वेळी दोनच माणसं घेतो. जेवण सांगितलं तर घरी मिळतं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, कांदा, आणि त्याचे वेगळे पैसे वहिनींच्या हातात द्यायचे, त्याच्या नाही, असा त्यांच्या घरचा नियम आहे आणि मला तो आवडला.

आता कमी काय आहे ते. एक तर रानात मोबाईलला रेंज जाते-येते, त्यामुळं ऐन वेळी उशीर झाला तर कळवता येत नाही आणि तो एका जागी जास्त वेळ थांबत नाही, पहाट गेली की काम गेलं म्हणतो, बरोबरच आहे पण सोलापूरहून येणाऱ्यानं हे धरून निघावं. दुसरं, बायकांसाठी सोय नाही. माझी बहीण सोबत होती, वस्तीवर गाईडच्या घरचं बाथरूम वापरायला मिळालं पण एकदा रानात गेलो की चार तास काहीच नाही, आणि हे त्यानं फोनवर आधी सांगायला पाहिजे होतं, मी ते त्याला तोंडावर बोललो पण, आता बायका येणार असतील तर सकाळचा टप्पा दोन तासांचा करून मध्ये वस्तीवर परत आणतो म्हणालाय. तिसरं, कॅमेऱ्याचं त्याला काही कळत नाही. प्रकाश मागं आहे की पुढं एवढं बघून तो गाडी उभी करतो, ते चांगलंच करतो, पण शटर स्पीड काय ठेवू विचारलंत तर हसेल. ज्यांना शिकवणारा पाहिजे त्यांनी दुसरीकडं जावं. आणि पावती मिळत नाही, ऑनलाइन पेमेंट मुलाच्या नंबरवर घेतो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा बहिणीच्या गैरसोयीचा कापलाय, पुढच्या वेळी सुधारलेलं दिसलं तर तो पण देईन.

बुकिंग करताना तीन गोष्टी त्याला स्वतःहून सांगा, म्हणजे त्याचं काम सोपं होतं: तुमच्याकडं लेन्स किती मिलिमीटरची आहे, कारण त्यावर तो बसायचं अंतर ठरवतो. सोबत लहान पोरं आहेत का, असतील तर तो खोकडाच्या बिळाकडं नेत नाही. आणि ड्रोन आणणार नाही हे. एकानं आणला होता, त्याच्या आवाजानं मेंढ्या बुजून विहिरीकडं पळाल्या, तेव्हापासून त्या वस्तीवर अनोळखी बॅग दिसली की धनगर आधी उघडून दाखवायला सांगतात. सांगितलं तर दाखवा, वाईट वाटून घेऊ नका. थंडीत शनिवार-रविवार लवकर भरतात, जमलं तर मधल्या वारी जा, आणि मंगळवारी फोन करू नका, त्या दिवशी तो शेळ्यांच्या बाजाराला असतो.